पास होता, जागा नव्हती

मी भाईंदरच्या नवघरहून जर्मनीला निघाले त्या दिवशी टॅक्सीत मागे माझ्या शेजारी जागा होती, तरी पप्पा पुढे ड्रायव्हरजवळ बसले. एअरपोर्टपर्यंत ते त्याच्याशी हिंदीत ट्रॅफिकवर बोलत राहिले. मागे आईने माझा हात धरून ठेवला होता आणि मला दिसत होतं ते फक्त पप्पांचं टक्कल. मनातलं बोलायचं आलं की त्यांचं हे असंच असायचं. तुमच्यातले जे तिकडेच राहिलात आणि जे माझ्यासारखे निघून आलात, त्या दोघांच्याही घरात असा एक माणूस असेल.

काही वर्षांनी आई-पप्पा माझ्याकडे जर्मनीला आले. मी तिघांचे रेल्वे पास काढले, इटलीला जायचं ठरवलं. आमच्या नवघरच्या बिल्डिंगचं रिडेव्हलपमेंट तेव्हा ठरत होतं आणि पप्पांना त्याबद्दल मला काहीतरी विचारायचं होतं. विषय काढला की म्हणायचे, "गाडीत निवांत बोलू."

पास म्हणजे पास, येईल त्या गाडीत चढा, ही आमची भाईंदरची समजूत. एवढी शहाणी होऊन परदेशात राहणारी मीसुद्धा तीच धरून बसले होते. मिलानला गाडी बदलताना कळलं, की फास्ट गाडीला पास असला तरी सीटचं रिझर्व्हेशन वेगळं काढावं लागतं. पप्पांना ते पटेचना. पास आहे ना, मग परत रिझर्व्हेशन कशाला, हे त्यांनी मला पुन्हा पुन्हा विचारलं. शेवटी तिकीट खिडकीवर दोन सीट शेजारी-शेजारी मिळाल्या आणि एक डब्याच्या पार दुसऱ्या टोकाला. तिकडे मी बसते म्हणेपर्यंत पप्पा बॅग उचलून निघालेसुद्धा.

कोकणात जाताना हेच पप्पा अख्ख्या डब्याला ॲडजस्ट करायला लावून आम्हाला एकत्र बसवायचे. इथे भाषाच नव्हती. आमच्या शेजारच्या बाईंना जागा बदलाल का, असं मीच विचारून पाहिलं, तर त्यांनी तिकिटावरचा नंबर दाखवून मान हलवली. बाहेर द्राक्षांचे मळे मागे पडत होते, आईने ठेपल्यांची पुडी सोडली होती, आणि मी लांबून ते टक्कल बघत होते. फार वाईट वाटलं.

परतताना जागा एकत्र मिळाल्या, पण पप्पा थकून झोपून गेले. नंतर फोनवर विचारलं, तर म्हणाले, हे फोनवर बोलण्यासारखं नाही, पुढच्या वेळी बघू. त्याच थंडीत हार्ट अटॅकने ते गेले.

काय विचारायचं होतं ते आईने सांगितलं. नव्या बिल्डिंगमध्ये एक खोली जास्तीची घ्यायची का, म्हणजे मी परत येणार का, एवढंच. मी नाही म्हणाले असते. ते त्यांना कळलं होतं का, हे मला आता कधीच समजणार नाही. न विचारताच त्यांनी खोली घेऊन टाकली होती.

जर्मनीत राखीव सीटचा माणूस वेळेत आला नाही, तर ती जागा कुणीही घ्यावी असा नियम आहे. यंदा नव्या घरी गेले तेव्हा आईला म्हटलं, ही खोली रिकामी पडून असते, नोकरी करणारी एखादी मुलगी ठेव, तुला सोबत होईल.

आई पलंगावरची चादर सारखी करत होती. म्हणाली, "रिकामी कुठेय? तुझ्या पप्पांनी तुझ्यासाठी धरून ठेवलीय."

घर म्हणजे आता माझ्यासाठी ती खोली, जिथे मी राहत नाही. परत निघाले तेव्हा आई एअरपोर्टला सोडायला आली. टॅक्सीत मागे तिच्या शेजारी जागा होती. मी पुढे ड्रायव्हरजवळ बसले.