तुर्क म्हणजे काय?

त्या रविवारी दुपारी मी सासऱ्यांना घेऊन शेजारी हसनकडे चहाला गेले... आणि माझी नोकरी त्या चहावर अवलंबून होती. नव्वदच्या दशकातलं मेलबर्न. आमच्या भागात तेव्हा बरीच तुर्की घरं होती.

माझी हॉस्पिटलला दुपारची शिफ्ट असली की माझी मुलगी सई शाळेतून थेट हसन आणि त्याची बायको एमिने यांच्याकडे जायची. सासरे, म्हणजे अण्णा, साताऱ्याहून आले आणि फर्मान निघालं. "तुर्काच्या घरी पोर पाठवायची नाही."

अण्णा निवृत्त इतिहासशिक्षक. "बट व्हाय, आजोबा?" सईने विचारलं. अण्णा परत गेल्यावर तिला सांभाळणारं दुसरं कोणी जवळ नव्हतं. मी म्हटलं, "आधी माणूस बघा, मग बोला."

तुर्की घरात पाहुण्याच्या ओंजळीत स्वागताला लिंबाच्या वासाचं कोलोन, म्हणजे सुगंधी पाणी, ओततात. एमिने बाटली घेऊन आली. अण्णांनी हात गुडघ्यांवर उपडे ठेवले... ती परत फिरली.

मग अण्णांनी इंग्रजीत हसनला सरळ विचारलं, "तुर्क या शब्दाचा अर्थ काय? आमच्याकडे लुटारू डोळ्यांपुढे येतात."

हसनने कप खाली ठेवला. आता हा आम्हाला दार दाखवणार, असं मला वाटलं.

"शाळेत शिकवलं, तुर्क म्हणजे बलवान," तो सावकाश म्हणाला. "मूळ कुठलं, यावर पंडितांचं एकमत नाही. पण माझे पणजोबा गावातून इस्तंबूलला गेले, तेव्हा तिथले बडे लोक त्यांना 'तुर्क' म्हणून हिणवायचे. म्हणजे अडाणी, नांगऱ्या. बलवान कोणीच म्हटलं नाही."

अण्णा खेड्यातून पुण्याला शिकायला गेले, तेव्हा वसतिगृहात त्यांना काय म्हणून हिणवायचे, ते त्यांनी मला एकदाच सांगितलं होतं.

अण्णांनी विचारलं, "पणजोबा शेतात काय पिकवायचे?"

"गहू. थोडे हरभरे."

"आमच्याकडे ज्वारी. पाऊस झाला तर."

हसन हसला.

निघताना एमिने पुन्हा बाटली घेऊन दारात उभी राहिली. अण्णांनी तिच्याकडे पाहिलं, चष्मा खिशात ठेवला... आणि ओंजळ पुढे केली.

सोमवारी मी शिफ्टला गेले. सईला आणायला अण्णा स्वतः शेजारी गेले आणि जेवणाच्या वेळेपर्यंत परतलेच नाहीत.

एकदा नाकारल्यावरही एमिनेने ती बाटली दुसऱ्यांदा आणली. मी आणली नसती... म्हणूनच तिचे उपकार आजही विसरत नाही.