पदरातला मासा

इंदूबाईंनी माशांच्या टाकीत पहिल्यांदा वरण-भात कालवून टाकला, तेव्हा धर्मपाल हसले होते. पाणी गढूळ झालं, काचेवर डाळीचा थर बसला. ती घाण उपसून त्यांनी टाकी धुतली आणि शेजारच्या तुळसाबाईला कौतुकानं सांगितलंसुद्धा, "तुह्या बाई आता मास्याले जेवू घालून राह्यल्या व."

राळेगावातल्या एका अंगणवाडीत इंदूबाईंचा जन्म गेला. त्या सेविका आणि तुळसाबाई त्यांची मदतनीस. आज लग्नाच्या वयाला आलेल्या कितीतरी पोरापोरींनी त्यांच्या हातची खिचडी खाल्ली होती. धर्मपाल एसटीच्या वर्कशॉपात मेकॅनिक होते. नोकरी संपली की दोघांनी ओट्यावर बसून निवांत चहा प्यायचा, असं ठरलं होतं. पण धर्मपाल घरी बसले आणि इंदूबाईंचं विसरणं सुरू झालं. आधी गॅस, मग दाराची कडी, मग माणसांची नावं. यवतमाळच्या डॉक्टरांनी डोक्याचा फोटो पाहून सांगितलं, हे वाढतच जाणार. त्यांना कशात तरी गुंतवून ठेवा.

तेव्हा मुलगी दीपमाला पुण्याहून आलेली होती. दवाखान्यातून परतताना रस्त्यात माशांचं दुकान दिसलं आणि तिनं ऑटो थांबवला. दुकानात इंदूबाई एका टाकीपुढून हलायला तयार होईनात. आत निळ्या-केशरी पट्ट्यांचा, लांब शेपटीचा एक नर होता आणि कोपऱ्यात दबून बसलेली फिकट मादी.

"पॅराडाइज फिश हाय हे," दुकानदार हिरासिंग म्हणाला. "याले हवेचं मशीन नाही लागत. वर येऊन तोंडानं हवा घेते. झाकण मात्र ठेवा, उडी मारते. अन् खायले चिमूटभर, बस."

टाकी घरी आली आणि धर्मपालना श्वास घ्यायला जागा मिळाली. इंदूबाई सकाळपासून काचेपुढे खुर्ची टाकून बसत. नर त्यांच्या बोटाच्या मागं मागं फिरे. त्या त्याच्याशी बोलत, त्याला रागावत, बडबडगीत म्हणत. तेवढ्यात धर्मपालची अंघोळ होई, भाकरी होई. कित्येक महिन्यांनी त्यांना गरम चहा प्यायला मिळाला.

पण ज्या बाईनं आयुष्यभर दुसऱ्याची लेकरं जेवू घातली, तिला चिमूटभर कसं पुरणार? खायला घातलेलं त्यांच्या ध्यानात राहत नसे. घटकाभरानं पुन्हा, "लेकरं उपाशी हाय." धर्मपालनी खाद्याची डबी लपवली, तर त्या पोहे टाकू लागल्या. पोहे लपवले, तर कणीक. पाणी नासू लागलं. मे महिन्यात नळाचा काही भरवसा नव्हता. ते तुळसाबाईच्या बोअरवरून बादल्या भरून आणत आणि टाकीत बर्फाची बाटली तरंगत ठेवत. कमरेत चमक भरली तरी त्यांनी ते चालू ठेवलं. टाकी गेली तर आपलं काय होईल, हे त्यांना ठाऊक होतं.

एका सकाळी मादी तळाशी आडवी दिसली. इंदूबाईंनी विचारलं, "ते लहान लेकरू कुठं गेलं?"

"मेलं ते, इंदू."

त्या पदर तोंडाशी धरून रडल्या. दुपारी पुन्हा विचारलं, पुन्हा तितक्याच रडल्या. दुसऱ्या दिवशी परत तेच. शेवटी धर्मपालनी सांगायला सुरुवात केली, "मामाच्या गावाले गेलं." खोटं बोलताना त्यांची जीभ अडखळत असे. मग तीही सवय झाली.

दीपमालाचा फोन रोज येई. "बाबा, आई कशी आहे?"

"मस्त हाय. तू आपलं पाहा."

उरलेल्या नरावरच आता सगळी भिस्त होती. पण पाणी तापलं की तो सारखा वर येई, तोंड बाहेर काढून हवा घेई आणि खाली जाई. ते पाहून इंदूबाई कासावीस होत.

"अहो, याले दम लागून राह्यला. बुडून राह्यलं हे."

"नाही व. ते तसाच श्वास घेते."

"तुमाले काय समजते? लेकराचा जीव चालला."

हे दिवसभर चाले. धर्मपालनी काचेच्या झाकणावर वीट ठेवली. दारालाही ते आता बाहेरून कुलूप लावू लागले होते, कारण एकदा इंदूबाई अंगणवाडीला जायला म्हणून निघाल्या आणि बसस्टँडवर सापडल्या. कुलपात किल्ली फिरवताना ते इकडंतिकडं पाहत. कोणी पाहू नये असं वाटे.

त्या दुपारी गोळ्या संपल्या होत्या. औषधाच्या दुकानात गर्दी होती, ऊन असं की डांबर चपलेला चिकटत होतं. धर्मपाल परतले आणि कुलूप काढून आत आले. वीट जमिनीवर होती. झाकणाचे तुकडे झाले होते. टाकीत मासा नव्हता.

इंदूबाई खाटेवर बसून मांडीवर ओल्या पदराचं गाठोडं थोपटत होत्या. "गप, गप. आता नाही बुडत तू."

"इंदू, दे इकडं."

"नाही देत. झोपलं आताच."

"इंदू, मरून जाईन ते. दे."

त्यांनी पदराला हात घातला, तशी इंदूबाईंनी मूठ आवळली. त्या म्हाताऱ्या हातात एवढी ताकद कुठून आली कोण जाणे. धर्मपाल बोटं सोडवू लागले, त्या किंचाळल्या आणि मूठ आणखी घट्ट झाली. कापडाच्या आत काहीतरी फडफडलं. तेव्हा धर्मपालचा हात उठला. तो इंदूबाईंच्या गालावर बसल्याचा आवाज त्यांना स्वतःला ऐकू आला, जणू दुसऱ्याच कोणी मारलं.

मूठ सुटली. त्यांनी मासा पाण्यात सोडला. तो एका कुशीवर तरंगत राहिला, कल्ले जेमतेम हलत होते. शेपटीचा एक तुकडा पदरालाच चिकटून राहिला होता. बऱ्याच वेळानं माशानं तोंड पाण्याबाहेर काढलं.

एवढ्या वर्षांच्या संसारात धर्मपालनी बायकोवर कधी हात उचलला नव्हता. वस्तीतल्या किती जणांना त्यांनी यावरून झापलेलं. ते वळले. इंदूबाई गालावर हात ठेवून त्यांच्याकडं पाहत होत्या, अनोळखी माणसाकडं पाहावं तसं.

"भाऊ, तुमी काहून मारलं मले?" त्या हळू आवाजात म्हणाल्या. "माह्ये मालक येऊ द्या. सांगतो मी त्याहिले."

धर्मपाल भिंतीला टेकून खाली बसले. "सांगजो," ते म्हणाले. "सांगजो त्याले."

संध्याकाळी दीपमालाचा फोन आला. या वेळी 'मस्त हाय' त्यांच्या तोंडून निघेना.

"मी तुह्या आईले मारलं," ते म्हणाले.

मग ती म्हणाली, "बाबा, मी येते."

ती आली. आईला पुण्याला नेते म्हणाली, पण नव्या घरात दोन पावलं टाकली तरी आई हरवणार, हे तिलाही कळत होतं. दोघं बापलेक स्वयंपाकघरात बसून बोलत राहिले. बोलून झालं तरी रस्ता सापडला नव्हता. शेवटी तुळसाबाईच म्हणाली, "मी येत जाईन दिवसा. बाईनंच मले काम शिकवलं, मंग मले काय जड हाय?"

दीपमाला परत गेली. मासा वाचला, शेपूट तुटकीच राहिली. पण इंदूबाई आता टाकीपुढे बसत नाहीत. खुर्ची तिथं ओढून नेली तर उठून जातात. त्या दुपारचं त्यांना काही आठवत नाही. विचारलं तर कोरं पाहतात. तरी धर्मपालनी फळीवरचा डबा काढायला हात वर केला, की त्या मान खाली घालून डोकं झाकून घेतात. डॉक्टर म्हणाले, असं होतं, वेळ द्या. किती, ते त्यांनी सांगितलं नाही.

तुळसाबाईच्या हातून त्या जेवतात. धर्मपालनी घास पुढं केला तर ओठ मिटतात. म्हणून तुळसाबाई भरवत असली की ते उंबऱ्याबाहेर, दिसणार नाही अशा बेतानं बसतात आणि ताटलीवर चमच्याचा आवाज ऐकतात.

फोन अजून रोज येतो.

"आज जेवली का आई?"

"जेवली," धर्मपाल म्हणतात. थोडं थांबून सांगतात, "माह्या हातून नाही."