माझ्या पीएचडीला तांब्याभर पाणी लागतं

थांबा, हे आत्ताच लिहून टाकते, न्हाईतर डोकं थंड होईल आणि सांगायचं राहून जाईल. काल एका कॉलेजात बोलायला गेले होते. ओळख करून देणारे सर म्हणाले, "यांनी दुष्काळात पाण्यावर पीएचडी केली!" सगळा हॉल हसला. मी पण हसले. पण घरी येईस्तोवर राग चढत गेला, म्हणून हे.

आधी माझा विषय सांगते, लई सोपा हाय. तेल घ्या, त्यात साबणासारखा एक पदार्थ विरघळवा, मग पाण्याचे दोन थेंब टाका आणि हलवा. साबण पाण्याला चारी बाजूंनी घेरतो. आत पाण्याचे इतके बारीक थेंब अडकतात की अख्खी बाटली काचेसारखी आरपार दिसते. त्या थेंबात मी रंगाचा रेणू कोंडायची. त्याच्यावर प्रकाश टाकला की तो चमकतो आणि विझतो. उघड्या पाण्यात किती वेळात विझतो आणि कोंडल्यावर किती वेळात, एवढंच मोजायचं. माणूस मोकळ्या रानात कसा चालतो आणि उदगीर-नांदेड एसटीत दाराला लटकून कसा उभा राहतो, तसंच हे. आपल्या शरीरातलं पाणी पण असंच कोंडलेलं असतं, म्हणून जगभर लोक ह्याच्या मागे हायत.

तर त्या साली पाऊस दडी मारून बसलेला. नांदेडला हॉस्टेलवर दिवसाला एक बादली. आमच्या लॅबमध्ये डिस्टिल्ड वॉटर करायचं काचेचं यंत्र होतं. पाणी उकळायचं, वाफ नळीतून जायची, आणि ती नळी गार ठेवायला बाहेरून नळ सतत चालू. बाटलीभर शुद्ध पाण्यासाठी कितीतरी बादल्या गटारात. डिपार्टमेंटने यंत्राला कुलूप लावलं. बरोबरच केलं. मी तक्रार केली न्हाई.

लॅबमध्ये एक मामा होते, यंत्रं, पंखे, एसी सगळं तेच सांभाळायचे. त्यांनी चमक मोजायच्या मशीनच्या खोलीतल्या एसीखालची बादली दाखवली.

"हे घे की. आम्ही इन्व्हर्टरच्या बॅटरीत हेच टाकतो. एकदम डिस्टिल्ड."

आमच्याकडं कुणालाच ह्यात काही वावगं वाटत न्हाई. एसीचं पाणी म्हणजे डिस्टिल्ड, विषय संपला. तरी मी तपासलं बरं का! उघड्या पाण्यात रंग टाकला, चमक जशी पाहिजे तशीच. मग थेंबात कोंडला, आणि चमक बसली! भसकन विझायला लागला. जगातले सगळे पेपर म्हणून राहिले की कोंडल्यावर तो जास्त वेळ चमकतो, आणि माझा उलटा. पाच वेळा केलं, पाचही वेळा उलटा. मी लॅबमध्ये नाचले, खरंच. मला काहीतरी नवीन सापडलं होतं!

दर सहा महिन्यांनी समितीपुढं काम दाखवावं लागायचं. बाहेरून एक मोठे सर आले होते. माझ्या निकालाची स्लाइड बघून म्हणाले, "बाई, बाहेर टँकरला रांगा लागल्यात, आणि तुम्ही डोळ्याला दिसत न्हाईत ते थेंब मोजून राहिल्या?"

मी म्हणाले, "सर, माझ्या अख्ख्या पीएचडीला तांब्याभर पाणी लागतं."

"मग तेवढं तरी नीट आणा. निकाल जगाच्या उलटा हाय. कुठलं पाणी वापरलं?"

"डिस्टिल्ड," मी सांगून मोकळी. मला खोटं बोलले असं वाटलं पण न्हाई.

त्यांनी दोन महिने दिले. निकाल पटला तर ठीक, न्हाईतर विषय बदला. विषय बदला म्हणजे पहिल्यापासून सुरू, आणि पहिल्यापासून सुरू म्हणजे घरी परत, हे मला पक्कं ठाऊक होतं. कारण आमच्या भागात तेव्हा नव्या जिल्ह्याचं वारं होतं. आज होणार, उद्या होणार. फोनवर अप्पा, म्हणजे माझे वडील, दुसरं काही बोलायचेच न्हाईत.

"जिल्हा झाला की ऑफिसं येतील. ऑफिसं आली की भरती. परीक्षा दे बाई, घराजवळ राहशील."

"अप्पा, माझं काम चालू हाय."

"काय चालू हाय? थेंब?"

मला तेच लागलं. आणि त्या बाहेरच्या सरांचं 'तेवढं तरी नीट आणा' त्याहून जास्त लागलं. ठरवलं, आणते. नीटच आणते. माझा निकाल खरा हाय हे त्यांच्या नाकासमोर दाखवते.

गावी, शिरूर अनंतपाळला गेले. अप्पांचं कूलर-पंख्यांचं दुकान हाय. ऐन उन्हाळा, आणि कूलर छतापर्यंत रचून ठेवलेले, एक पण गेलेला न्हाई. अप्पा गल्ल्यावर वर्तमानपत्रानं वारा घेत बसलेले.

"ह्या साली कूलर कोण घेतंय? त्यात टाकायला पाणी कुठंय?"

"मग एक पंप काढून द्या. कूलरमधला."

"काय करतीस?"

मी सांगितलं. नळी बाहेरून गार करायची हाय फक्त. त्याला नळाचं वाहतं पाणी कशाला? टबात पाणी भरायचं, पंपानं नळीभोवती फिरवायचं, तेच परत टबात. कपडे धुतलेलं पाणी पण चालतंय, ते शुद्ध पाण्याला शिवत पण न्हाई.

 अप्पा उठले, नवा कोरा कूलर उघडला आणि पंप काढला. "वायर लहान हाय, जोडून देतो," एवढंच बोलले.

मामांनी कुलूप काढायची परवानगी मिळवली. हॉस्टेलच्या पोरींनी धुण्याचं पाणी गाळून दिलं. टब तापला की थांबायचं, निवू द्यायचं, परत सुरू. तीन दिवस लागले. तीन दिवसांत तांब्याभर पाणी, आणि गटारात शून्य! मी त्या पाण्याकडं बघत बसायची, खरंच सांगते.

मग प्रयोग केला. आणि रंग छान चमकत राहिला. उघड्या पाण्यापेक्षा जास्त वेळ. पेपरात लिहिलंय तसाच.

माझा शोध गेला.

मामांना सांगितलं तर ते सहज म्हणाले, "एसीत तांब्याची नळी असती की. पाणी त्यावरूनच येतंय."

मी जागेवरून उडालेच! म्हणजे बादलीतल्या पाण्यात तांबं उतरलं होतं. शेतात फवारतात ते मोरचूद, म्हणजे तांब्याचंच मीठ, त्याचा कणभर अंश चांगल्या पाण्यात टाकला. उघड्या पाण्यात काहीच फरक न्हाई. तेच पाणी थेंबात रंगासोबत कोंडलं, आणि चमक भसकन बसली. उघड्यावर तांबं आणि रंग एकमेकांना गाठत न्हाईत. थेंबात साबणाची भिंत दोघांना ओढून शेजारी उभं करते, आणि रंग विझतो. एसटीतल्या गर्दीत ओळखीचा माणूस अंगावर येतो तसं.

माझे गाईड सर म्हणाले, "नवे निकाल चांगले आहेत. ते एसीचं प्रकरण सांगायलाच पाहिजे का?"

"हाव सर. तेच आधी सांगणार."

आणि दोन महिन्यांनी समितीपुढं सांगितलं. बाहेरचे सर खुर्चीत मागं रेलले. "म्हणजे तुम्ही चुकलात."

"पाण्यात चुकले सर. विषयात न्हाई. जे तांबं उघड्या पाण्यात मला दिसलं न्हाई, ते ह्या थेंबानं पकडलं. हा थेंब लहान हाय म्हणूनच पकडलं."

"परत दाखवा ती मोरचुदाची स्लाइड," ते म्हणाले. तीन वेळा बघितली. मग कागदावर लिहिलं, विषय कायम.

पुढं शेजारच्या दोन लॅबवाल्यांनी पण पंप मागवले. अप्पांनी स्वतः आणून दिले, आणि माझी काचेची बाटली उजेडात धरून कितीतरी वेळ फिरवून बघितली. "ह्यात थेंब हायत?" "हायत अप्पा." "दिसत तर न्हाईत." "म्हणून तर मी लागते."

नवा जिल्हा अजून व्हायचाच हाय. मी मात्र डॉक्टर झाले. ते तांबं माझ्या प्रबंधात एक पूर्ण प्रकरण अडवून बसलंय, एसीच्या बादलीसकट.

तर सांगा, तुमच्या बाबतीत झालंय का असं? चूक तुमचीच होती, समोरचा हसत होता, आणि तरी तुम्ही जागा सोडली न्हाई?