सपनानं खोडलेला शेरा

सपना माझी सख्खी धाकटी बहीण. हट्ट्याच्या पुढं एका गावात जिल्हा परिषदेच्या शाळेवर मास्तरीण हाय. वसमत-हट्टा रोडवर माझा आटो चालतो. त्या आटोत बसलेला अन् हे ठाऊक नसलेला एक बी माणूस दाखवून द्या, मिशा काढून टाकतो.

मी सवता चौथीत दोनदा नापास. प्रगतीपुस्तकावर लाल रेघ असायची, पण मला नेमकं काय येत न्हाई हे त्यात कुठंच लिहिलेलं नसायचं. बाप, म्हंजी अमृतराव, दोन फटके द्यायचा, माय जनकाबाई पदर डोळ्याला लावायची. झालं शिक्षण! सपना तवा दुसरीत. तिनं एक दिवस पुस्तक माझ्यापुढं धरलं अन् विचारलं, "दादा, कुठं अडून राहिला तू?" जोडाक्षराला अडत होतो. महिन्याभरात तिनं मला वाचता केला. आज सकाळी चहासंगं पेपर वाचतो, ते तिचे उपकार. माझं राहू द्या, सांगायचं तिचं हाय.

तिच्याकडं तिसरीचा वर्ग, एकोणीस लेकरं, पहिलीपासून तिच्याच हाताखालची. दर दोन-तीन महिन्याला वाचनाची चाचणी. एकेकाला टेबलापाशी बोलवायचं अन् हातात कार्ड द्यायचं. नुसती अक्षरं वळखली तर अक्षर स्तर, मग शब्द, मग परिच्छेद, अन् अख्खी गोष्ट वाचली तर गोष्ट स्तर. दसऱ्याच्या आत एकोणीसच्या एकोणीस लेकरं गोष्ट स्तरावर! मी रोडवर सांगत सुटलो, "अख्ख्या तालुक्यात असा वर्ग न्हाई." तालुक्यातल्या शाळा मी कुठं बघत बसलो होतो, पण सांगितलं.

दसऱ्यानंतर तांड्यावरची ऊसतोडीची टोळी निघायची होती. त्याच्या आदल्या दिवशी वर्गाचा तक्ता केंद्रप्रमुखांकडं पाठवायचा, म्हणून सपनानं सगळ्यांचं आणखी एकदा वाचून घेतलं. शेवटी पेमा. ही तांड्यावरची पोरगी, घरात गोरमाटी, म्हंजी बंजारा बोली, बोलणारी, पण वाचन एकदम खडखडा. सपनाला तिचं लई कौतुक. गडबडीत तिनं पेमाला नव्या संचातलं कार्ड दिलं, त्यावर कोल्ह्याची गोष्ट होती. पेमानं बोट ठेवलं अन् सुरू केलं, "एका गावात एक कुंभार होता..."

कुंभार जुन्या कार्डावर होता.

सपनानं थांबवलं न्हाई. पोरीनं बोट सरकवत, प्रश्न आला की आवाज चढवत, कुंभार त्याच्या गाढवासगट घरी पोचवला अन् कार्ड टेबलावर ठेवलं. सपनानं हजेरीपट बघितला. पेमाचा हजेरी नंबर शेवटचा. बाकी अठरा लेकरं टेबलापाशी तेच जुनं कार्ड मोठ्यानं वाचायची, ही खाली बसून ऐकायची. पाळी येईस्तवर गोष्ट तोंडपाठ! सपनानं कोऱ्या कागदावर 'घर', 'पाणी', 'बैल' लिहून दिलं. तेवढं पेमानं अडखळत वाचलं. वाक्य लिहून दिलं, तिथं थांबली.

सपनानं तक्त्यावरचा 'गोष्ट' खोडला अन् 'शब्द' लिहिलं.

मुख्याध्यापक व्यंकटराव सर म्हणाले, "मॅडम, एका पोरीपायी काहून? शंभर टक्के लिहून झालं. कार्ड जुनंच द्या, ती धडाधड म्हणती."

"म्हणती सर, वाचत न्हाई."

"पुढच्या चाचणीपर्यंत येईल की."

"येईल तवा लिहू."

सर चांगले माणूस. डोकं खाजवलं अन् सही केली.

पण खरी तकलीफ पुढंच होती. पेमाची माय भागूबाई आधीच सांगून गेली होती, "पोरीला वाचाया येत आसंल तर भावाकडं, पुनमचंदकडं ठेवते. न्हाई तर संगं नेते, धाकट्याला सांभाळंल." गोष्ट स्तर ऐकून तिनं पोरीला ठेवायचं पक्कं केलं होतं. आता खरं सांगावं तर पोरगी सहा महिने उसाच्या फडात जाणार. न सांगावं तर त्या खोट्या शेऱ्यावर भरवसा ठेवून माय लेकरू मागं टाकून जाणार.

शाळा सुटली. आटोत बसत ती म्हणाली, "दादा, तांड्यावर घे."

मी म्हटलं, "अगं येडे, मी अख्ख्या रोडला एकोणीस सांगून बसलो!"

"उद्यापासून अठरा सांग."

भागूबाई भांड्याचं गाठोडं बांधत होती. सपनानं सगळं सांगितलं. भागूबाई हसलीच. "म्हंजी माझ्यावर गेली! लग्नातलं गाणं एकदा ऐकलं की मी सोडत न्हाई. मग मॅडम, दोन साल शाळंत काय केलं हिनं?"

"चूक माझी हाय, भागूबाई. मी कानानं ऐकलं, तिचं बोट कुठं हाय ते बघितलंच न्हाई."

"नापास केली?"

"न्हाई. काय येतं अन् काय न्हाई, तेवढं बराबर लिहिलं."

"मग चलू दे माझ्यासंगं."

पेमा झोपडीच्या मेढीला धरून उभी होती, मान खाली. सपनानं वही काढली. "थांबा जरा. तुमचं एक गाणं म्हणा, दोनच ओळी." भागूबाईनं म्हटल्या. सपनानं ठळक अक्षरात उतरवल्या अन् पेमाला विचारलं, "ह्यातला तिसरा शब्द कोणता?" पोरगी आधी मनात गाणं म्हणून बघत होती. सपनानं वहीवर टिचकी मारली, "इथं बघ." पेमानं पहिलं अक्षर लावलं, दुसरं लावलं. शब्द निघाला.

भागूबाई गाठोडं सोडून आली. "हे माझं गाणं हाय व्हय? कुठून कुठवर?" सपनानं तिचं बोट धरून दोन्ही ओळींवरून फिरवलं. तिनं सवता आणखी एकदा बोट फिरवलं. मग म्हणाली, "किती दिस लागतील?"

"होळीपर्यंत वाचंल असं वाटतं. वचन न्हाई देत. रोज जवळ बसवीन."

भागूबाईनं पुन्हा गाठोडं बांधायला घेतलं. वापस येताना मी आरशात तिच्याकडं बघत होतो. अशी बहीण पाठीवर आली, नशीब लागतं राव.

दुसऱ्या दिवशी सकाळी तांड्यावरून ट्रॅक्टर गेलेला होता. सपना वर्गात शिरली, फळ्यावर तारीख टाकली, नजर दाराकडं. मी भाडं सोडून खिडकीपाशी उभा. दहा मिनिटांनी पुनमचंद पेमाचा हात धरून आला. "बहीण म्हणली, सवताची चूक सांगाया दारात आलेली मास्तरीण पहिल्यांदाच बघितली. हिच्यापाशीच राहू दे पोरीला."

सपनानं हात जोडले.

पेमा पुढं येऊन बसली. कोल्ह्याचं कार्ड हातात घेतलं. पहिला शब्द लावला, दुसरा लावला अन् मान वर केली.

"मॅडम, ह्यो कोणता?"

दोन वर्षांत पोरीनं पहिल्यांदा विचारलं होतं. सपना खुर्ची सोडून तिच्याशेजारी फरशीवर बसली.