कुंभिवलीत बनणारे युरोपचे सण

कुंभिवलीच्या आमच्या शेडमध्ये युरोपातल्या सणांचं सामान बनतं. माल कंटेनरमध्ये भरून जातो, किस्से मात्र इथंच साठत राहतात. मी चेकिंगला, त्यामुळे माझ्याकडे जरा जास्तच!

*

ईस्टरच्या पहिल्या ऑर्डरीत खोक्यात ससे आणि रंगीत अंडी एकत्र भरायची होती. कडावची सुनंदाताई थेट साहेबांकडे गेली. "साहेब, कायतरी चुकलंय. कोंबड्या राहिल्या!"

साहेब म्हणाले, "तिकडे ससाच अंडी आणतो."

"मग कोंबडी काय करते? आराम?"

*

स्वीडनचे लोक जूनमध्ये फुलांचे मुकुट घालून नाचतात. ते मुकुट बनत होते तेव्हा सुनंदाताईची मयुरी डबा द्यायला आली. कॉलेजात जाणारी पोर. एक मुकुट डोक्यावर ठेवून म्हणाली, "आई, लग्नात मला हाच हवा!"

"आदी पास हो गं!"

अख्खी शेड हसली. त्याच वर्षी पावसाळ्यात मयुरी तापानं गेली. चार दिवसांत. 

*

महिन्याभरानं सुनंदाताई कामावर आली. तेव्हा कार्निव्हलचे मुखवटे चालू होते, सगळे दात काढून हसणारे. जेवणाच्या सुट्टीत तिनं एक चढवला. चला, ताई सावरली, म्हणून आम्ही टाळ्या वाजवल्या! सुट्टी संपली तरी तिनं तो काढला नाही. डबा तसाच बंद होता. त्या टाळ्यांची मला आजही लाज वाटते.

*

मग पोलंडची ऑर्डर आली, लाल काचेच्या दिव्यांची. तिकडे नोव्हेंबरात लोक आपल्या माणसांच्या कबरींवर दिवे लावतात. माल बघायला तिकडच्या मॅडम आल्या. सुनंदाताईनं साहेबांना मध्ये घालून विचारलं, "ज्याचं कोनी नाय, त्याच्या कबरीवर कोन लावतं?"

मॅडम म्हणाल्या, "आम्ही एक दिवा जास्तीचा नेतो. ओळख नसली तरी लावतो."

सुनंदाताईनं एक दिवा पदरानं पुसून त्यांच्या हातात दिला. "माझ्या मयुरीची राख पान्यात गेली. दिवा लावायला जागाच नाय. अशाच एका कबरीवर तिच्या नावानं लावा."

मॅडमनी तो रुमालात गुंडाळून पर्समध्ये ठेवला.

नोव्हेंबरात साहेबांच्या फोनवर फोटो आला. धुकं, नाव पुसलेली एक कबर आणि तिच्यावर आमचा दिवा. सुनंदाताईनं फोटो बोटांनी मोठा केला, बराच वेळ पाहिला.

"थंडी दिसते गं तिकडं," ती मला म्हणाली. "स्वेटर कदी घालायचीच नाय ती."