एका कोपरातलं जेवण

सिंदेवाहीजवळच्या आमच्या गावात बाबा तलावावर मासोळ्या धरायचे. घरात ताटं होती, पण ती पाहुण्यांसाठी. बाबा जाळं वाळत घालून आले की माय कोपरात, म्हणजे मोठ्या पितळी परातीत, भात ओतायची, वरून मासोळीचा रस्सा, आणि आम्ही सगळे भोवती बसायचो. बाबा काटे काढून पहिला घास एकेकाच्या तोंडात द्यायचे. मी सगळ्यात लहान, म्हणून मला दोन. भावाला त्याचा भारी राग यायचा. तो घास मला आजही हवा आहे, अगदी वेड्यासारखा हवा आहे.

बाबांचं पोट वर्षानुवर्षं जळायचं. तलावात उतरणाऱ्या माणसाचं पोट दुखलं की आमच्याकडे निदान ठरलेलं: थंडी भरली. मग पोटाला दुपट्टा घट्ट आवळायचा, गरम पेज प्यायची आणि पुन्हा पाण्यात. बाबांनीही तेच केलं. दुपट्ट्याचे वेढे वाढत गेले, माणूस आत आटत गेला. दवाखान्यात नेलं तोवर जठराचा कॅन्सर हाताबाहेर गेला होता.

ते गेल्यानंतर काही वर्षांनी मी ब्रह्मपुरीहून माहेरी गेले, तर माय पोटाला दुपट्टा बांधून चुलीपुढे बसलेली. माझ्या अंगाचा तिळपापड झाला.

"तू तर तलावात पाय बी घालत नाई. तुले थंडी कुठून भरली वं?"

"पोट जळून राह्यलं जरासं. काऊन बोंबलतं?"

एक गेलेले होते, दुसरी जाऊ द्यायची नव्हती. तिला जीपमध्ये कोंबलं आणि ब्रह्मपुरीला आणलं. डॉक्टरीणबाईंनी दुर्बिणीतून पोट पाहिलं. कॅन्सर नव्हता, पण जठराला सूज होती आणि त्यात जंतू सापडले. माझीही तपासणी केली, तर तेच जंतू माझ्यातही. बाई म्हणाल्या, हे पुष्कळ लोकांच्या पोटात असतात, बहुतेकांना काही होत नाही. पण काहींच्या पोटात ते वर्षानुवर्षं जखम करत राहतात आणि त्यातूनच पुढे कॅन्सरचा धोका वाढतो. लहानपणी घरातल्या घरात, तोंडातून, हातातून पसरतात. कोणाकडून कोणाला आले ते सांगता येत नाही.

मायनं ते शेवटचं वाक्य ऐकलंच नाही. ती माझ्याकडे पाहत होती. आम्हा दोघींना एकाच वेळी कोपर आठवला होता.

गोळ्या आम्ही दोघींनी बरोबरच घेतल्या. तोंड कडू व्हायचं, अन्न नको वाटायचं. माय रोज टाळाटाळ करायची, जेवून घेतो, मग घेतो म्हणायची. मी तिच्यासमोर पाण्याचा गिलास धरून उभी राहायची. एवढी हट्टी बाई मी दुसरी पाहिली नाही.

पुढं पुन्हा तपासणी झाली. दोघींच्याही पोटात आता जंतू नव्हते. मला तर दवाखान्यातच हसू फुटलं. मायला मिठी मारली. म्हटलं, "सुटलीस बाई तू!"

ती बाकावर बसून राहिली. पदरानं तोंड पुसलं.

"तुह्या बाबाचं तेवढंच राह्यलं होतं माह्यात," ती म्हणाली. "तेबी काढून टाकलं तुनं."

मी तिच्याशेजारी बाकावर बसले. माझ्याही पोटातलं गेलं होतं.