पिवळ्या गोळीची पुडी

भवानी पेठेतल्या एका छोट्या दवाखान्यात मी वीस वर्षं नर्स आहे आणि फाटक्या तोंडाची आहे, हे आधीच सांगून टाकते.

मंगळवारी आमच्याकडे संधिवाताचे पेशंट येतात. त्यांची गोळी पिवळी, मुगाएवढी, आठवड्यातून एकदाच घ्यायची. हीच गोळी मोठ्या मात्रेत कॅन्सरला देतात. वाकड्या बोटांनी पाकीट फुटत नाही, म्हणून आम्हीच गोळ्या काढून पुड्या बांधायचो. कुणाला अर्धी लागली तर ब्लेडनं कापायची, भुकटी फुंकून टाकायची. सगळं उघड्या हातानं. पोटुशी बाईनं तिला हात लावायचा नाही, एवढं ठाऊक होतं. तेवढं पाळलं की झालं, असं वाटायचं.

दुधनीकडची एक नवी नर्स लागली होती, लग्नाला वर्ष झालेली. एका मंगळवारी म्हणाली, "ताई, आज पुड्या तुमी बांधता का? मी ड्रेसिंगचं बघते." मी भडकलेच. बाहेर बाकडी भरलेली. "का गं महाराणी, हात झिजतात का तुझे?" पेशंटांसमोर बोलले. ती ब्लेडनं गोळ्या कापत राहिली.

महिन्याभरानं ती पेढे घेऊन आली. तिसरा महिना सरला होता. दृष्ट लागते म्हणून आमच्याकडे तोवर कुणी सांगत नाही. माझ्या वेळी मीही सांगितलं नव्हतं. अगं बाई, हे काय करून बसले मी! पेढा हातातच राहिला.

डॉक्टरांना सगळं सांगितलं. एवढ्यानं बहुधा काही होणार नाही, म्हणाले, पण खात्री देईनात. सोनोग्राफी नीट आली, तरी माझा जीव थाऱ्यावर नव्हता.

"तेव्हाच का सांगितलं नाहीस गं?"

"तुमी इचारलं कुटं, ताई? वरडलाच की." चिडून नाही, साधंच बोलली. मला लई लागलं.

त्या आठवड्यापासून त्या गोळ्यांचा ट्रे वेगळा केला. हातमोजे सगळ्यांना, डॉक्टरांनासुद्धा. कापणं बंद, फुंकणं तर बंदच. कुणाला दिवस गेलेत का, हे विचारायची गरजच ठेवली नाही.

ती बाळंत झाल्यावर तिला बघायला गेले. तिनं मुलगी माझ्यापुढं धरली. "थांब," म्हणाले आणि मोरीत जाऊन साबणानं हात धुतले. मग दुपटं सोडून बोटं मोजली, हातांची, पायांची. ती बघत होती.

"ताई," ती म्हणाली, "मीबी पयलं तेच केलं."